व्याख्यानमाला तोंडावर आली की नेहमीची सदरं थांबवायची का? एका प्रतिक्रियेला उत्तर

आदरणीय कार्यवाह, सप्रेम नमस्कार.

तुमच्या प्रतिक्रियेत रागापेक्षा अडचणी जास्त आहेत, म्हणून उत्तर सविस्तर देतो. इतर वाचकांसाठी आधी तुमचा आक्षेप सांगतो. व्याख्यानमालेच्या आधीच्या महिन्यातही वाचनालयाच्या फेसबुक-इन्स्टाग्रामच्या पानावरची नेहमीची सदरं चालू ठेवावीत आणि कार्यक्रमाच्या पोस्ट एकूण पोस्टच्या निम्म्याच्या आसपास ठेवाव्यात, असं मी आधीच्या लेखात म्हटलं होतं. तुमचं म्हणणं असं की हे पगारी माणसं ठेवणाऱ्या शहरी संस्थांना जमेल. तालुक्याच्या ‘ब’ वर्ग वाचनालयात पान सांभाळणारा माणूस एकच, तोही देवघेवीचं काम आटोपून बसणारा. शेवटचे पंधरा दिवस फक्त व्याख्यानमालेचं पोस्टर फिरवलं नाही तर लोकांना कळणार कसं? गेल्या वर्षी तुम्ही तसंच केलं आणि सभागृह भरलं. शेवटी तुम्ही विचारलंत, ‘लग्नघरात कोणी रोजची भाजी-पोळी वाढतं का?’

तुमची उपमा मान्य. पण रोज त्या भाजी-पोळीसाठी येणारी माणसंच तुमच्या पानावर आहेत, आणि आमंत्रणही त्यांनाच द्यायचं आहे.

जिथे तुमचं बरोबर आहे ते आधी. शेवटचे दोन दिवस पानावर फक्त कार्यक्रम दिसला तरी काही बिघडत नाही, उलट तो दिसायलाच हवा. दुसरं, एखाद्या संस्थेचं पान सहा महिने बंद असेल तर कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी घाईघाईनं सदरं सुरू करण्यात अर्थ नाही. तिथे सरळ कार्यक्रमच टाकावा. पण तुमच्या पानाची गोष्ट वेगळी आहे. तुम्हीच लिहिल्याप्रमाणे तिथे आठवड्याला तीन पोस्ट नेमानं जातात: सोमवारी दाखल झालेली नवी पुस्तकं, बुधवारी एखाद्या सभासदाची शिफारस, शनिवारी बालविभाग. हा नेम पंधरा दिवस मोडण्याची किंमत मोठी आहे.

आता ते पंधरा दिवस कुठले, हे कॅलेंडरवर बघू. तुमची माला बुधवार, ६ जानेवारी ते रविवार, १० जानेवारी. म्हणजे तुमचे पंधरा दिवस २२ डिसेंबरला सुरू होतात. त्यात नाताळच्या सुट्या येतात, सहली येतात, ३१ डिसेंबर येतो आणि १ जानेवारीला प्रत्येक गटात शुभेच्छांचा पूर. वर्षात ज्या काळात लोकांचं लक्ष सर्वात कमी असतं, नेमका तोच काळ तुम्ही एकट्या पोस्टरसाठी निवडता आहात. तारखा २२ डिसेंबरच्या आत लोकांच्या कानावर गेल्या असतील तर उरलेल्या दिवसांत नुसती आठवण पुरते. म्हणून पहिली पोस्ट ९ डिसेंबरच्या सुमाराला जावी. तिच्यात फक्त तारखा, वेळ, सभागृह आणि ‘वक्त्यांची नावं पुढच्या आठवड्यात’ एवढंच. पुण्या-मुंबईला असलेले तुमच्या गावचे लोक शनिवार-रविवारचं येणं ठरवतात ते याच टप्प्यावर.

तेच पोस्टर पुन्हा पुन्हा टाकल्यानं काय होतं? फेसबुक किंवा इन्स्टाग्राम तुमची पोस्ट तुमच्या सगळ्या फॉलोअरना दाखवत नाही. फीडचा, म्हणजे ॲप उघडल्यावर एकाखाली एक दिसणाऱ्या पोस्टचा, क्रम लावताना काय जोखलं जातं, हे इन्स्टाग्रामनं स्वतः जाहीरपणे सांगितलं आहे: बघणारा पोस्टवर काही सेकंद थांबेल का, कॉमेंट करेल का, लाइक देईल का, शेअर करेल का, प्रोफाइलवर जाईल का. पोस्टर पहिल्यांदा दिसतं तेव्हा लोक थांबून वाचतात. तिसऱ्यांदा अंगठा थांबतच नाही. पाचव्या-सहाव्या वेळेपर्यंत ते मोजक्याच लोकांना दिसत असतं, आणि तोवर ५ जानेवारी आलेली असते. ज्या दिवशी तुम्हाला सर्वात जास्त लोक हवेत त्याच दिवशी पोहोच सर्वात कमी, अशी ही उतरंड आहे. सदरांवर मात्र लोक थांबतात. ‘हे पुस्तक माझ्यासाठी राखून ठेवा’ अशी कॉमेंट सोमवारच्या पोस्टवर येते. पुढच्या पोस्टला वाट मिळते ती अशा कॉमेंटमुळे.

म्हणून सदरं थांबवू नका, व्याख्यानमालेकडे वळवा. सोमवारच्या सदरात नव्या पुस्तकांऐवजी वक्त्यांच्या विषयांवरची, तुमच्या कपाटात असलेली पुस्तकं घ्या. एका पोस्टमध्ये एकच विषय, चार-पाच मुखपृष्ठं, प्रत्येकाखाली दाखल क्रमांक (वाचनालयाच्या नोंदवहीतला पुस्तकाचा क्रमांक), आणि शेवटच्या चौकटीत ‘या विषयावर व्याख्यान: गुरुवार, ७ जानेवारी, सायं. ६’. जो सभासद व्याख्यानाला येणार नाही त्यालाही पुस्तक मिळतं, त्यामुळे ही जाहिरात कुणाला खुपत नाही. पुस्तकाच्या किती प्रती आहेत ते मात्र आधी बघून घ्या. एकच प्रत असेल आणि दहा जणांनी मागितली तर वाचनालयाचंच नाव खाली जातं. अशा वेळी ‘वाचनकक्षात उपलब्ध’ असं लिहावं.

बुधवारच्या सदरात सभासदाच्या शिफारशीऐवजी सभासदाचा प्रश्न घ्या. ‘अमुक विषयावरच्या वक्त्यांना तुम्हाला काय विचारायचं आहे? निवडक प्रश्न अध्यक्षांमार्फत सभागृहात विचारले जातील.’ हे खरोखर करायचं असेल तरच लिहा. आलेले प्रश्न कागदावर उतरवून व्याख्यानाच्या आदल्या दिवशी वक्त्यांना कळवा आणि दोन-तीन प्रश्न विचारणाऱ्याच्या नावासह व्यासपीठावरून वाचा. ज्याचं नाव वाचलं जाणार आहे तो घरच्यांना घेऊन येतो.

शनिवारच्या बालविभागाला मात्र हात लावू नका. तिथे व्याख्यानमालेचा उल्लेखही नको. ते सदर बघणारे पालक तुमच्या पानावर फक्त मुलांसाठी आलेले असतात, त्यांना महिनाभर दुसरंच काही दिसलं तर ते परत येत नाहीत. एक सदर पूर्णपणे जसंच्या तसं राहिलं की पान ताळ्यावर आहे हेही लोकांना दिसतं.

हिशोब असा बसतो. ७ डिसेंबरपासूनच्या पहिल्या दोन आठवड्यांत दर आठवड्याला तीन सदरं आणि एक कार्यक्रमाची पोस्ट. २१ डिसेंबरपासूनच्या दोन आठवड्यांत दर आठवड्याला दोन सदरं आणि दोन कार्यक्रमाच्या. म्हणजे सोमवार किंवा बुधवारपैकी एक गाळायचं, शनिवार ठेवायचाच. ४ आणि ५ जानेवारीला सगळं कार्यक्रमाचं. ३ जानेवारीच्या सावित्रीबाई फुले जयंतीची पोस्ट तुम्ही दरवर्षी टाकता, ती टाकाच, पण प्रतिमेखाली व्याख्यानमालेची पट्टी चिकटवू नका. ते वाईट दिसतं आणि लोक बोलूनही दाखवतात. ६ जानेवारी हा ‘दर्पण’ या पहिल्या मराठी वृत्तपत्राच्या पहिल्या अंकाचा दिवस (१८३२), राज्यभर पत्रकार दिन म्हणून साजरा होतो. तुमचं उद्घाटन त्याच संध्याकाळी आहे. गावातल्या पत्रकारांचे त्या दिवशी सत्कार असतात, ते सकाळी की संध्याकाळी हे आठवडाभर आधी विचारून ठेवा, नाही तर बातमी घ्यायला कोणी मोकळं नसेल. दिनविशेष त्या दिवशी फक्त स्टेटसला, सकाळी.

आता एकट्या माणसाचा प्रश्न. सदरं चालू ठेवली तर काम दुप्पट होतं असं तुम्हाला वाटतं. वर सांगितल्याप्रमाणे सदरं वळवली तर त्या चार आठवड्यांत सदरांच्या आणि कार्यक्रमाच्या मिळून सोळा पोस्ट होतात, त्यात शनिवारच्या चार नेहमीच्याच. त्या दोन बैठकांत तयार करता येतात. मेटा बिझनेस सूट हे फेसबुक-इन्स्टाग्राम चालवणाऱ्या कंपनीचंच साधन मोफत आहे, तिथून फेसबुक आणि इन्स्टाग्राम दोन्हीकडे तारीख-वेळ लावून ठेवता येते. इन्स्टाग्रामचं खातं व्यावसायिक प्रकारचं केलं तर ॲपमधूनही ७५ दिवस पुढपर्यंत पोस्ट लावता येतात. म्हणजे ५ डिसेंबरच्या आसपास एक बैठक आणि नाताळच्या आधी दुसरी.

लावून ठेवलेल्या पोस्टमध्ये एक धोका आहे आणि तो लेखात पुरेसा आला नव्हता. वक्ता आजारी पडला, किंवा गावातल्या एखाद्या ज्येष्ठाचं निधन झालं, तरी लावलेली पोस्ट ठरल्या वेळी हसतमुखानं जाते. म्हणून रोज सकाळी वाचनालय उघडताना त्या दिवशी काय जाणार आहे ते एकदा बघायचं. पानाचे अधिकार किमान दोघांकडे हवेत, आणि दुसरा माणूस गावातच राहणारा हवा. निधनाच्या दिवशी कार्यक्रमाची पोस्ट मागे घ्या, फक्त श्रद्धांजली ठेवा, दुसऱ्या दिवसापासून क्रम पुढे सुरू करा.

‘आज काय टाकलं?’ असं कार्यकारिणी रोज विचारते, हे तुम्ही लिहिलं आहे. खरं तर पोस्टरचा मारा याच प्रश्नापोटी होतो. महिन्याचा तक्ता डिसेंबरच्या सभेत मांडा आणि मंजूर करून घ्या: तारीख, कुठे, काय, कोणी. मग रोजच्या विचारणेला उत्तर तक्त्यात असतं. त्याच सभेत प्रत्येक सदस्याला एक काम द्या: ओळखीच्या दहा जणांना नाव घालून, स्वतःच्या फोनवरून, स्वतःच्या शब्दांत निरोप. अकरा सदस्य असतील तर एकशे दहा माणसं. ‘काका, गुरुवारचं व्याख्यान तुमच्या विषयावर आहे, मी जागा धरून ठेवतो’ हा निरोप कुठल्याही पोस्टपेक्षा जास्त माणसं आणतो.

व्हॉट्सॲपबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमचा बहुतेक सभासद तिथेच आहे. ब्रॉडकास्ट यादीत (एकच निरोप अनेकांना वेगवेगळा पाठवण्याची सोय) २५६ जण बसतात, पण निरोप पोहोचतो तो फक्त ज्यांच्या फोनमध्ये वाचनालयाचा क्रमांक साठवलेला आहे त्यांनाच. ‘पाठवलं होतं, मिळालं नाही’ ही तक्रार बहुतेक वेळा इथून येते. यावर उपाय काउंटरवरच: वर्गणी भरताना सभासदाकडून क्रमांक साठवून घ्या. गटात १०२४ जण मावतात, तिथे निरोप फक्त ॲडमिननं टाकायचा अशी व्यवस्था ठेवा. अनेक महिला सभासद गटात येत नाहीत कारण तिथे क्रमांक सगळ्यांना दिसतो. त्यांच्यासाठी चॅनल काढा, तिथे फॉलोअरचे क्रमांक एकमेकांना दिसत नाहीत. फॉरवर्डवर मर्यादा आहे: एका वेळी पाच चॅट, आणि फार वेळा फिरलेला निरोप एका वेळी एकाच चॅटला. म्हणून सदस्यांना सांगा की मजकूर कॉपी करून नव्यानं पाठवा, फॉरवर्ड नको.

स्टेटस आणि स्टोरी हा वेगळा प्रकार आहे. चोवीस तासांत जातात, म्हणून तिथे तुमचा रोजच्या पोस्टरचा आग्रह चालतो, तिथेच तो भागवून घ्या. इन्स्टाग्रामच्या स्टोरीत काउंटडाउनचं स्टिकर आहे, बघणाऱ्यानं त्यावर आठवण लावली की वेळ झाल्यावर त्याला सूचना जाते. सभागृहाच्या नकाशाची लिंकही स्टोरीत स्टिकरनं देता येते, नेहमीच्या पोस्टच्या मजकुरात टाकलेली लिंक इन्स्टाग्रामवर उघडत नाही. आणि एक नियम पाळाच: ‘आज’, ‘उद्या’ हे शब्द फक्त स्टेटस आणि स्टोरीत. फीडमधली पोस्ट दोन-तीन दिवसांनीही कुणाच्या तरी समोर येते, तिथे ‘उद्या सायंकाळी’ वाचून माणूस भलत्याच दिवशी सभागृहात उभा राहतो. फीडमध्ये कायम वार आणि तारीख.

आता पोस्टर. पाच दिवस, पाच वक्ते, पाच विषय, अध्यक्ष, प्रायोजक, स्वागतोत्सुक मंडळी आणि संस्थापकांचं छायाचित्र, हे सगळं निमंत्रणपत्रिकेवर ठीक आहे. तीच पत्रिका फोनवर चढवली की वक्त्याचं नाव तांदळाएवढं दिसतं, आणि व्हॉट्सॲपनं चित्र दाबलं की वेलांट्या आणि अनुस्वार एकमेकांत मिसळतात. समाजमाध्यमासाठी वेगळी चित्रं करा: १०८० बाय १३५० पिक्सेल, एका चित्रात एकच व्याख्यान. सर्वात लहान अक्षर चाळीस पिक्सेलपेक्षा खाली नको. चित्र स्वतःला व्हॉट्सॲपवर पाठवा, फोन हातभर लांब धरा आणि चष्मा लावणाऱ्या सभासदाला वाचायला सांगा. पत्रिका सगळ्यांना हवीच असते, ती पीडीएफ करून डॉक्युमेंट म्हणून पाठवा, मग ती दाबली जात नाही. चित्रातला सगळा तपशील मजकुरातही टंकित करा, वार, तारीख, वेळ आणि ठिकाण पहिल्या दोन ओळींत, कारण त्यापुढचं ‘आणखी’वर दाबल्याशिवाय दिसत नाही.

पोस्टरवर वर्ष लिहिणं बहुतेक संस्था विसरतात. व्हॉट्सॲपवर मागच्या वर्षीचं पोस्टर दर जानेवारीत पुन्हा उगवतं, आणि वर्ष नसेल तर ते खोटं आहे हे कुणालाच कळत नाही. वार आणि तारीख जुळतात का हे दुसऱ्या माणसानं कॅलेंडर समोर ठेवून तपासावं. इन्स्टाग्रामवर पोस्ट गेल्यावर मजकूर बदलता येतो, चित्र बदलता येत नाही. व्हॉट्सॲपचा निरोप पंधरा मिनिटांपर्यंत सुधारता येतो. त्यापुढे चूक कळली तर ‘बदल’ असं ठळक लिहिलेलं नवं चित्र टाका, ते पानाच्या वर पिन करा आणि जुन्या पोस्टच्या मजकुराच्या पहिल्या ओळीत दुरुस्ती लिहा. जुनी पोस्ट गुपचूप काढू नका, ती ज्यांनी आधीच पाहिली त्यांना बदल कधीच कळत नाही.

कुठल्या दिवशी जोर लावायचा हेही ठरवून घ्या. रविवारच्या समारोपाला तुमचं सभागृह भरणारच. पडतात ते गुरुवार-शुक्रवार. कार्यक्रमाच्या पोस्टमधला मोठा वाटा या दोन दिवसांना द्या. पैसे खर्च करायचे असतील तर तेही याच दोन दिवसांवर, आणि पोस्टर बूस्ट करण्याऐवजी (म्हणजे पैसे देऊन जास्त लोकांना दाखवण्याऐवजी) ज्या प्रश्नाच्या पोस्टवर आधीच कॉमेंट आल्या आहेत ती बूस्ट करा: गाव आणि भोवतालचा परिसर निवडून, तीन दिवस, रोज दोन-तीनशे रुपये. याहून जास्त खर्च तालुक्याच्या व्याख्यानमालेला लागत नाही.

माला सुरू झाली की रोज रात्री एकच पोस्ट: वक्त्यांचं बोलतानाचं एक छायाचित्र, पूर्ण नाव, विषय, मांडणीतली दोन-तीन वाक्यं आणि उद्याच्या व्याख्यानाची ओळ, अर्थात वार-तारखेसह. वाक्यं टाकण्याआधी वक्त्यांना दाखवा. अर्धवट ऐकून लिहिलेल्या वाक्यावरून वाद उभे राहतात आणि ते निस्तरताना उरलेली माला बाजूला पडते. शाल-श्रीफळाची छायाचित्रं देणगीदारांना हवी असतात, कार्यकारिणीलाही हवी असतात. त्यांचा फेसबुकवर एक अल्बम करा आणि दुवा त्यांना पाठवा. इन्स्टाग्रामवर एका पोस्टमध्ये वीस छायाचित्रं जातात, म्हणून वीस भरायलाच हवीत असं नाही. परगावच्या लोकांसाठी यूट्यूबवर थेट प्रक्षेपण करायचं असेल तर ती सोय चालू व्हायला पहिल्या वेळी चोवीस तास लागू शकतात, आणि फोनवरून करायचं तर चॅनलला किमान ५० सबस्क्रायबर लागतात. उद्घाटनाच्या दिवशी दुपारी हे कळून उपयोग नाही.

आता तुमच्या प्रतिक्रियेत नसलेला, पण मला सर्वात जास्त टोचणारा भाग. प्रचाराचा तोल बिघडतो तो बहुतेक वेळा कार्यक्रमाच्या नंतर. पाच दिवसांत पानाला नवे फॉलोअर मिळतात, आणि ११ जानेवारीपासून पान झोपतं, कारण सांभाळणारा थकलेला असतो. जे लोक नुकतेच आले त्यांना पहिल्या महिन्यात काहीच दिसत नाही. म्हणून पहिला आठवडा आधीच लावून ठेवा: १८ जानेवारीच्या सोमवारपर्यंतची सदरं नाताळच्या बैठकीतच तयार व्हावीत. पुढच्या सदरांना मजकूर व्याख्यानांतूनच मिळतो. एका व्याख्यानातून एक लहान चित्रफीत, वक्त्यांनी उल्लेखलेल्या पुस्तकांची यादी आणि श्रोत्याचा एक प्रश्न उत्तरासह, अशा तीन पोस्ट सहज निघतात. पाच व्याख्यानांच्या पंधरा होतात. आठवड्याला दोन टाकल्या तर फेब्रुवारी संपेपर्यंत पुरतात, आणि २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाला तुमच्याकडे स्वतःचा मजकूर असतो.

‘गेल्या वर्षी सभागृह भरलं’ हे तुमचं सर्वात जोरकस वाक्य आहे आणि मला ते खोडायचं नाही. पण ते पोस्टरमुळे भरलं, पत्रिकेमुळे, वर्तमानपत्रातल्या बातमीमुळे की कुणाच्या फोनमुळे, हे कळायला नोंद हवी. दाराशी उपस्थितीची वही असतेच. तिच्यात ‘कुठून कळलं’ असा एक स्तंभ आखा आणि पाचच खुणा ठेवा: पत्रिका, व्हॉट्सॲप, फेसबुक-इन्स्टाग्राम, वर्तमानपत्र, ओळखीतून. बसलेल्या स्वयंसेवकानं विचारून खूण करायची, श्रोत्याला लिहायला लावलं तर रांग लागते. पहिल्यांदाच आलेल्याच्या नावापुढे फुली. पाच दिवसांनंतर ही वही आणि पानावरचे आकडे शेजारी ठेवले की पुढच्या वर्षी कष्ट कुठे घालायचे यावर आपण पुराव्यानं वाद घालू शकू, आणि तुमची वही माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध निघाली तर मी ती इथे तुमच्या नावानं छापेन.

या सगळ्यात आधी करायची गोष्ट म्हणजे वक्त्यांना पत्र. त्यात चार गोष्टी मागा: कॅमेऱ्याकडे बघतानाचं मूळ आकाराचं छायाचित्र (व्हॉट्सॲपवर साधं पाठवलेलं नको, ईमेलनं हवं), स्वतः लिहिलेला चाळीस शब्दांचा परिचय, व्याख्यानाचं नेमकं शीर्षक, आणि चित्रीकरण व त्यातले तुकडे प्रसारित करायला लेखी संमती. उत्तर २८ नोव्हेंबरपर्यंत मागा. दोघांकडून तरी उशीर होणारच, आणि तरीही ५ डिसेंबरची बैठक अडणार नाही.